पेनरॉकांच्या वंशावळीतली जेन

माझी शेजारीण वसुधा गेली, हे मीच फोनवर मार्गारेटला, तिच्या इंग्लंडातल्या नणंदेला, कळवलं. "फार वाईट झालं," ती म्हणाली आणि पुढच्याच वाक्यात, "आता वंशावळीतून त्या जेनचं नाव काढता येईल." काही आठवडे उलटले, माझा राग ओसरलेला नाही. ओसरू द्यायचाही नाही.

लग्नानंतर वसुधाने नवऱ्याचं, हेन्रीचं आडनाव लावलं, तेव्हा याच बाईने तिला सुनावलं होतं, "आमचं खाणमालकांचं घराणं. नाव लावून कुणी पेनरॉक होत नाही." हेन्री शेजारी बसून चहा ढवळत राहिला. बहिणीसमोर त्याची कायम दातखीळ बसायची. वसुधाने पुढे इथे, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर पेनरॉकांची वंशावळ मांडायला घेतली. तिकडच्या चर्चच्या, खाणींच्या जुन्या नोंदी ऑनलाइन धुंडाळायची आणि आपल्या सवयीने प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहायची... आधी स्वतःचं, मधे वडिलांचं, मग आडनाव.

एका विल्यमपाशी मधली जागा भरेचना. दुसऱ्या कुणी ती तशीच सोडली असती, हिला चैन पडेना. शेवटी एका दुपारी माझ्या दारात उभी, चपला न काढताच म्हणाली, "अगं, बापाची नोंदच नाही! आडनाव आईचं आहे. जेन पेनरॉक. खाणीच्या तोंडाशी हातोड्याने दगड फोडायची. मालक कसले आलेत, लाह!" इथल्या बोलीतला 'लाह' तिच्या तोंडी पक्का बसला होता. त्या जागी तिने ठसठशीत 'जेन' लिहिलं.

मला वाटलं, आता नणंदेची जिरवणार. छे! "लाज वाटावी असं जेनने काय केलंय?" म्हणत तिने वंशावळ प्रेमाने पाठवली. उत्तर आलं, बाहेरच्या बाईला आमचं काय कळणार. आजारपणात वसुधा मला एवढंच म्हणायची, "जेनला पुसू देऊ नकोस गं."

वसुधा माफ करायची. मी करत नाही. ती वंशावळ मी मोठी छापून घेतली, फ्रेम केली आणि हेन्रीच्या खुर्चीमागे, बरोबर त्याच्या डोक्याच्या उंचीवर ठोकली. मधे जेन, खाली वसुधा हेन्री पेनरॉक. रविवारी मी तिथेच असताना मार्गारेटचा व्हिडिओ कॉल आला. "मागे काय लावलंयस ते? दिसत नाही नीट," ती म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत हेन्री खुर्चीतून उठला आणि बाजूला झाला.