मापापुरता माणूस

माझा दोस्त शालिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी सानगडीच्या बाजारात एका वांग्याला नाक मुरडत होतो. वांगं परत ठेवलं, पिशवीची घडी केली. त्याला आता दीड महिना झाला.

तुमसरात त्याचा फोटो स्टुडिओ होता. अर्धं आयुष्य लग्नं टिपली आणि मग हा बपेऱ्याकडच्या एका बंद दगडखदानीच्या प्रेमात पडला. तिची प्रत्येक भिंत टिपायची, तिथं राबलेल्यांकडून पुन्हा तेच काम करवून घेऊन फिल्म काढायची, एवढाच ध्यास. खदानीत पाणी चढत होतं, कामगार थकत होते. दोन्हींच्या आधी त्याला पोचायचं होतं. भिंतीची उंची कळावी म्हणून फोटोत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून कुणीतरी उभं लागे. ते कुणीतरी म्हणजे मी. झाडीपट्टीच्या नाटकांत राजे गाजवलेला माणूस! हात आपोआप कमरेवर जाई.

"हात खाली घे बे! तू राजा नाहीस, माप आहेस."

"मंग मापाले थोडं हसू त दे."

शेवटी पश्चिमेची भिंत तेवढी राहिली. तिच्यावर ऊन सकाळचंच. रविवारी फोटो काढायला येतो, असा शालिकने जुन्या कामगार बायांना निरोप धाडला. लग्नाच्या फोटोवाल्याचा निरोप! पाचही जणी ठेवणीतल्या साड्या नेसून हजर. तरुणपणापासून तिथं दगड फोडलेल्या भागरथाबाई तर मोरपंखी शालूत. शालिकने कपाळावर हात मारला.

"बाई, शालू नेसून गोटे फोडत होत्या काय?"

"माह्या पोरीच्या लग्नात तूनंच त म्हणलं, फोटोले चांगलं नेसून येत जा!"

त्याने सगळ्यांना साड्या बदलायला घरी पिटाळलं. त्या परतल्या तोवर भिंतीवरचं ऊन सरकलं होतं. पुढच्या रविवारी तो दवाखान्यात होता. तिथं एकदाच म्हणाला, "शालूतच काढाले पायजे होतं… हात त तेच होते."

मागच्या आठवड्यात वहिनींकडून कॅमेरा मागून मी सकाळीच खदानीवर गेलो. आता काठी कोण धरणार? मी निरोप धाडला होता; भागरथाबाई आल्या, त्याच शालूत. एका हातात काठी, दुसरा थेट कमरेवर. 'हात खाली' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

"राहू द्या बाई, तसंच."

मी बटण दाबलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला, हातोडा उचलला. मी फिल्म सुरू केली.

त्या फिल्ममध्ये डावीकडे काठी दिसते, धरणाऱ्याशिवाय. मी ती हलवली नाही.