निरंक अहवाल

ते प्रकरण आठवलं की आजही मान खाली जाते. खून-दरोडा काही नव्हता, साधी चारित्र्य पडताळणी होती.

येरवड्यातल्या एका मुलीची कोथरूडच्या एका शाळेत बालवाडी शिक्षिका म्हणून निवड झाली होती. नेमणूक आमच्या पोलीस ठाण्याच्या अहवालावर अडली होती. अशात ठाण्यात निनावी फोन आला. "तिच्यावर चोरीची केस होती. अर्जात लपवलंय तिनं."

खातरजमेसाठी मी हवालदाराला तिच्या गल्लीत पाठवलं. आमची पद्धतच तशी; वाणी, शिंपी, शेजारी, चार जणांना विचारायचं. तो विचारून आला, मग मी तिला ठाण्यात बोलावलं.

खोटं बोलणारा माणूस आधी आवाज चढवतो, असा माझा अनुभव. ही शांत होती, आणि त्याचाच मला राग आला.

"केस होती ना?"

"होती, साहेब. चौदा वर्षांची होते. मैत्रिणीच्या घरून बांगडी उचलली होती."

"मग अर्जात 'नाही' कसं लिहिलंस?"

"बाल न्याय मंडळाच्या मॅडमनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, हे इथंच संपलं. पुढं कुणी विचारलं तर 'नाही' म्हणायचं, तो तुझा हक्क आहे."

"आता तू मला कायदा शिकवणार?" मी म्हणालो. आजूबाजूचे शिपाई हसले.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांना विचारलं. ते कोरडेपणानं म्हणाले, "शिकवू द्या की. बरोबर आहे तिचं." लहान वयातली चूक पुढं आड येऊ नये, म्हणून तर तो कायदा होता. मी निमूटपणे अहवालात 'निरंक' लिहिलं, म्हणजे तिच्याविरुद्ध काही नाही.

आठवड्यानं मुख्याध्यापिकांचा फोन आला. "अहो, आपला अहवाल निरंक आहे, आनंद आहे. मग आपले हवालदार गल्लीभर काय विचारत फिरत होते? त्या गल्लीतल्या नातेवाइकांकडून आमच्या पालकांपर्यंत गेलंय ते." नोकरी दुसरीला मिळाली.

मला स्वतःची लाज वाटली. माफी मागायला तिच्या घरी गेलो, तेही गणवेशात, सरकारी जीप दाराशी लावून. शेजारपाजारचे बाहेर आले. मुलगी आतून आलीच नाही. तिची आई दारात येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, माफी-बिफी राहू द्या. आधी ती गाडी गल्लीतून न्या."

मी जीप हलवली. पोलिसानं नुसतं विचारलं तरी लोक उत्तरासाठी थांबत नाहीत, हे इतकी वर्षं खात्यात काढूनही मला एका मुलीची नोकरी घालवल्यावरच कळलं.