नळातलं चामडं

वहिनी या पौषात गेली. तेराव्याला दादाच्या ओळखीचे पुष्कळ लोक जमले होते. जेवणं झाल्यावर सोप्यात पानं लावता लावता कोणीतरी नळाची गोष्ट काढली. ती आमच्या घरची हसण्याची गोष्ट आहे. दादाने भर अंगणात नळ खोलला, आत चामडं निघालं आणि अप्पांनी पाणी टाकलं. सगळे हसले, दादाही जरासा हसला. त्या गोष्टीत वहिनी कुठेच नसते. वर्षानुवर्षे मी ती तशीच ऐकत आले आहे. आता तिची बाजू सांगणारं माझ्यावाचून कोणी उरलेलं नाही, म्हणून जमेल तसं लिहिते आहे.

आमच्या गल्लीत नळ आला तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आई आधीच गेली होती. घरात वडील, म्हणजे अप्पा, दादा, वहिनी आणि मी. दादा हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. पोळी तव्यावर का फुगते, गिरणीचा भोंगा वाऱ्याच्या दिशेने दूरवर का ऐकू येतो, हे तो जेवता जेवता सांगे. ऐकायला गोड वाटे. त्याचं ताट मात्र तिथेच पडून राही.

त्यापूर्वीचं पाणी देवळामागच्या विहिरीचं. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. चैत्र लागला की पाणी खाली खाली जाई आणि रहाटाचा दोर पुरेनासा होई. पूजेचं आणि स्वयंपाकाचं पाणी सोवळ्यातलं लागे. वहिनी पहाटे विहिरीवरच अंगावर पाणी ओतून घेई आणि ओलेत्याने घागरी वाहून आणी. माझ्या हातचं अप्पांना चालत नसे. चार जातींच्या मुलींत बसून येणाऱ्या मुलीचं सोवळं ते मानत नसत. दादाला शाळेची घाई असे. घागर मात्र एकटीने वाहायची.

लग्नानंतर तिला दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा पोटातलं राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला ती विहिरीच्या पायऱ्यांवरच कळा येऊन खाली बसली होती. सुईण दादाला तोंडावर म्हणाली, "मास्तर, पुन्हा दिवस राहिले तर हिच्या कमरेला घागर लावू नका. नाहीतर मला बोलवायला येऊ नका." वहिनीचं माहेर मंगळवेढ्याचं. तिथे सावत्र आई होती, म्हणून बाळंतपणाला जायलाही जागा नव्हती.

म्हणूनच नळ आला तेव्हा वहिनीला काय वाटलं असेल ते मला कळतं. अंगणात, तुळशीपासून थोडं दूर, भिंतीला धरून एक पितळी तोटी लागली. अप्पांनी तोटीला हळदकुंकू लावायला सांगितलं. पाणी तलावाचं, तलाव पावसाचा आणि पाऊस देवाचा, असा हिशेब करून त्यांनी ते पाणी पूजेला घेतलं. वहिनी सकाळी अंगणातच आंघोळ करून दोन पावलांवर कळशी भरू लागली. पुढच्या दोन-तीन महिन्यांतच तिला पुन्हा दिवस राहिले.

तोटी गळायला लागली तेव्हा तिला पाचवा महिना होता. गळक्या तोटीला खालून भांडं लावलं असतं तरी भागलं असतं. पण दादा पाना घेऊन आला. संध्याकाळची वेळ होती. शेजारचे वकील ओट्यावर बसले होते, अप्पा जपाला बसायच्या तयारीत होते. दादाने सगळ्यांना बोलावलं. तोटी खोलून एकेक भाग परातीत मांडला आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागला. हा पेच, हा दांडा, दांडा खाली आला की ही चकती पाण्याची वाट अडवते. ती चकती त्याने तळहातावर घेतली. काळपट, भिजून फुगलेली होती.

अप्पांनी विचारलं, "ती कशाची?"

"वायसर. चामड्याचं आहे," दादा म्हणाला. खरं सांगताना त्याला जो आनंद होतो तो त्याच्या तोंडावर दिसत होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने दादाकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. अप्पा आत गेले, देवाजवळचा तांब्या उचलून अंगणात ओतला आणि हंड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे सगळं टाका." दुसऱ्या दिवसापासून वहिनी पुन्हा विहिरीवर जाऊ लागली.

आणि ओट्यावर वाद सुरू झाला. तो किती दिवस चालला ते मला आठवत नाही. त्यात सगळ्यांना मजा येत होती, हे मात्र पक्कं आठवतं. वकिलांना कुठलीही बाजू चाले. रोज संध्याकाळी चहा होई आणि त्या चहाचं पाणी सकाळी कोणी आणलं हे कोणी विचारत नसे.

"मास्तर, चामडं ते चामडंच. मेल्या जनावराचं," वकील सुरुवात करत.

"आणि मोट कशाची असते, वकीलसाहेब? तुमच्या मळ्यातली वांगी कुठल्या पाण्यावर वाढतात?"

"वांगी मी शिजवून खातो."

"मग पाणी उकळून प्या!"

"आणि देवाला? देवाला काय कढत पाण्याने पोळायचं?"

हसणं होई. मग गाडी पुढे जाई. यंत्र आलं की धर्म बुडतो का. गिरण्या आल्या, हातमाग बसले, तसं नळ आले की विहिरी बुजतील का. विहिरी बुजल्या तर बायका एकमेकींना भेटणार कुठे. हा शेवटचा प्रश्न वकिलांनी फार कळवळून मांडला होता. वहिनी तेव्हा आत भिंतीला पाठ लावून पाय चोळत होती. तिच्या घोट्यांवर बोट दाबलं की खळगा तसाच राही.

मागच्या भिंतीपलीकडे विणकरांची घरं होती. तिथली एक तेलुगू बाई भिंतीवरून डोकावून वहिनीशी बोले. ती म्हणाली, "अक्का, आमच्या नळाला पण तेच हाय की. पाणी गोड लागतंय. तुमचा सासरा पितोय का चावतोय पाण्याला?" वहिनी त्या दिवसांत एकदाच हसली, ती तेव्हा.

दादाने उपाय काढला. सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून तोटीत बसवली. थोडी गळे, पण चाले. तो अप्पांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "रबर आहे. झाडाचा चीक. आता तर हरकत नाही?"

अप्पांनी बराच वेळ विचार केला. ते दुष्ट नव्हते असं लोक म्हणतात. असेल. ते म्हणाले, "झाडाचा चीक असेल तर बघता येईल." वहिनीने हातातलं काम थांबवलं. मग अप्पांनी विचारलं, "पण रस्त्याखाली जे नळ आहेत, त्यांना आत काय असतं?"

इथे कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, ठाऊक नाही. दादा म्हणाला, "तिथे मोठ्या झडपा असतात."

"झडपांत?"

"बहुधा चामडंच."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. वकील ओट्यावरून ओरडले, "वा, मास्तर! स्वतःच्याच पक्षाला फाशी!" आणि दादा हसला. मुद्दा हरला तरी खेळ चांगला झाला, असं ते हसणं होतं.

लोक दादाला प्रामाणिक म्हणतात. तो प्रामाणिक होताच. पण त्याच्या प्रामाणिकपणाचं ओझं त्याने स्वतः कधी उचललं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनी सकाळी विहिरीवर गेली नाही. मी उठले तेव्हा ती अंगणात नळाखाली कळशी भरत होती. रबराची चकती लावलेली तोटी फुसफुसत होती. अप्पा देवघरात मृगाजिनावर बसले होते, समोर रिकामा तांब्या. वहिनीने रिकामी घागर आणून देवघराच्या उंबऱ्याशी ठेवली. सासऱ्यांशी ती एरवी दाराआडून बोले. त्या दिवशी समोर उभी राहिली.

"मामंजी, मी आता विहिरीवर जाणार नाही. घरात नळाचं पाणी आहे. ते चालत नसेल तर ही घागर."

"म्हणजे मी जाऊ?"

"मला जमणार नाही एवढंच मी सांगितलं."

"चामड्याचं पाणी देवाला घालू म्हणतेस?"

"आपण बसला आहात तेही कातडंच आहे."

अप्पा उत्तर देण्याआधीच मागून दादाचं हसणं ऐकू आलं. तो खांद्यावर पंचा टाकून उभा होता. "बिनतोड!" तो म्हणाला. "अप्पा, याला उत्तर द्या."

वहिनी त्याच्याकडे वळली. "तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. नवऱ्याला असं बोललेलं त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. "मी वाद घालत नाहीये. मला हे मूल हवं आहे."

अप्पांनी उत्तर दिलं, पण तिला नाही. दादाला म्हणाले, "मृगाजिनाला शास्त्राधार आहे, हे तुझ्या बायकोला समजावून सांग." मग उठले, घागर घेतली आणि स्वतः गेले.

गल्लीने ते पाहिलं. साठी उलटलेला माणूस सोवळ्याने, धापा टाकत पाणी आणतो आहे! ज्या पुरुषांनी जन्मात घागरीला हात लावला नव्हता ते घराघरांतून बाहेर आले. वकील हळहळले. एक बाई म्हणाली, "सून आहे की कैदाशीण?" ते मी स्वतः ऐकलं, आणि तिचीही सून विहिरीवरूनच पाणी आणत होती. अप्पांनी स्वतंत्र चूल मांडली, हाताने भात शिजवून खाऊ लागले. वहिनीच्या हातचं पाणी त्यांनी पुढे कधीही घेतलं नाही.

अप्पा पहिल्यांदा विहिरीवर गेले त्या रात्री जेवताना दादा तिला म्हणाला, "चार दिवस तू जा. तोवर मी त्यांचं मन वळवतो. माझ्याजवळ एक नवा मुद्दा आहे."

तिने त्याच्या ताटात भात वाढला. "तुम्ही जा," ती म्हणाली.

तो गेला नाही. शाळेतल्या मुलांनी पाहिलं असतं. अप्पांना काही दिवसांनी विहीर झेपेना, तेव्हा पाणी आणायला एक गरीब ब्राह्मण ठेवला. जे इतके दिवस वादाने सुटलं नव्हतं ते एका दिवसात सुटलं. ते आधीच का केलं नाही, हे ना अप्पांना सुचलं ना दादाला. घरात बाई होती ना.

पुढचे महिने वहिनी गल्लीत कोणाशी बोलली नाही, आणि तिच्याशी कोणी बोललं नाही. मागच्या भिंतीवरची ती विणकरीण तेवढी बोले. वहिनीने नळाचं पाणी भरलं, नळाच्या पाण्यात शिजवलं, तेच प्याली. दिवस पूर्ण भरले. मुलगी झाली. बारीक, पण रडणारी. सुईण हात धुता धुता म्हणाली, "जगते ही."

अप्पा सोयराच्या, म्हणजे जन्माच्या विटाळाच्या, दिवसांत ओट्यावरच्या खोलीत राहिले. मुलगी कशी आहे, हे त्यांनी कोणालाही विचारलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी बाळंतिणीच्या खोलीत बसले होते. खिडकी ओट्यावर उघडे. बाहेर दादा वकिलांना सांगत होता की विज्ञानाचा विजय असा गाजावाजा न करता, घरातूनच होत असतो. आमच्याच घराचं उदाहरण घ्या, तो म्हणाला. वकील म्हणाले, हरकत आहे. एका उदाहरणावरून सिद्धान्त होत नाही. मुलगी विहिरीच्या पाण्यावरही जगली नसती कशावरून?

वहिनी डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली आहे.

"नळ सुटलाय," ती म्हणाली. "बाळोती भिजत पडली आहेत. तुझ्या दादाला सांग, एक बादली भरून आत दे म्हणावं."

मी खिडकीतून सांगितलं. दादाने हात वर केला, ऐकलं म्हणून. वकिलांचं बोलणं चालू होतं, त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली. नळ जायची वेळ होत आली होती, म्हणून मीच उठले.