जाऊबाईंची बस आणि गोठलेलं डिझेल

माझ्या थोरल्या जाऊबाई नऊ वर्षं शाळेची बस चालवतात. त्या सकाळी मुलांची परीक्षा होती आणि शून्याखालच्या कडाक्याच्या थंडीत बस काही केल्या सुरू होईना. वीस मुलं आमच्या दारात कुडकुडत उभी. जो तो येऊन एकदा चावी फिरवून बघत होता.

"बॅटरी गेली, वहिनी. आज ही हलत नाही," मेकॅनिकने सांगून टाकलं.

जाऊबाईंनी चावी काढून कमरेला खोचली. "बॅटरी जाईल ती तुमच्या हौसेने, भाऊ! इंजिन फिरतंय की चांगलं. पण मागच्या नळीतून जरा तरी धूर निघतोय का? म्हणजे डिझेलच पोचत नाहीये."

डिझेलचा फिल्टर हाताला बर्फासारखा लागला. आत डिझेल मेणासारखं गोठलं होतं. जाऊबाईंनी घरातून गरम पाण्याची बादली उचलून आणली.

"अगं, ते माझ्या अंघोळीचं!" सासरे ओरडले.

"परीक्षा तुमची नाही, मामंजी!"

फिल्टरला टॉवेल गुंडाळून त्या तांब्यातांब्याने पाणी ओतत राहिल्या, मग इंजिनजवळचा छोटा हातपंप दाबून डिझेल वर आणलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

चावी फिरली. आधी भसकन पांढरा धूर आला, मग दोन ठसके, आणि इंजिन असं धडधडलं की मुलांनी एकच गलका केला.

घंटेला पाच मिनिटं असताना बस शाळेच्या फाटकातून आत शिरली. एवढ्या जोरात हॉर्न वाजवायची काही गरज नव्हती, पण जाऊबाईंनी वाजवला.