उपरण्याखालचा राजपुत्र

बैलाचे दात बघता बघता प्रेमकथा लिहिणारा माणूस आजवर जगात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा धाकटा, बिनलग्नाचा दीर होता. सगळं धरणगाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणत असे. धंद्याने ते बैलबाजारातले दलाल. चाळीसगावच्या बाजारात घेणारा आणि विकणारा तोंडं फिरवून उभे राहिले, की नाना मध्ये शिरायचे, खांद्यावरचं उपरणं काढून एकेकाच्या हातावर टाकायचे आणि त्याखाली बोलणी सुरू करायचे. तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका भाव. चार पावलांवरच्या माणसाला काय ठरलं ते कळत नसे, आणि नाना ते पुढे कधी कुणाला सांगत नसत. असा हा माणूस बाजारातून घरी आला की पाय धुऊन, गुळाचा चहा पिऊन शंभरपानी वही काढायचा आणि आसरांच्या दरबारात जाऊन बसायचा.

आसरा म्हणजे डोहात राहणाऱ्या जलदेवता. गिरणेकाठच्या कुठल्याही म्हातारीला विचारा, आपण त्या पाहिल्या आहेत असं ती शपथेवर सांगेल. नानांच्या कादंबरीत डोहाच्या तळाशी त्यांचं अख्खं राज्य होतं आणि तिथल्या थोरल्या आसरेच्या प्रेमात एक राजपुत्र पडला होता. आसरा फुकट काही देत नाही. आवाज मागितला तर सावली घेते, सावली मागितली तर झोप घेते. तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि आपलं खरं नाव सांगायचं नाही, असे कडक नियम. पण राजपुत्र कितीही राजबिंडा असला तरी लिहिणारे आमचे नाना. त्यामुळे दरबारात पाऊल टाकल्यावर तो आधी आसरेची चाल बघायचा आणि ती कुठल्याच पायाने लंगडत नाही याचं त्याला समाधान वाटायचं. पुढे, ‘ती हसली तेव्हा तिचे दात दिसले व ती नुकतीच सहादाती झाली असावी असे त्याने ताडले,’ असं, बैलाचं वय सांगावं तसं, वाक्य होतं. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा आत्या पोळपाटावरून ओरडली, “हाई परीनं लगीन शे का पोळाना बाजार?”

मी तेव्हा नुकतीच गावातल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि आत्याकडेच राहत होते. शुद्धलेखन तपासायला शाळेत कुणी आहे का, असं नानांनी विचारलं, तेव्हा मी वही आमच्या मराठीच्या बाईंकडे नेली. बाई चाळिशीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि लाल शाईच्या बाबतीत अतिशय निर्दय. वही परत आली ती रक्तबंबाळ होऊन. समासात लिहिलं होतं, ‘स्त्रीचे दात मोजू नयेत.’ नाना खचतील अशी मला भीती होती. त्यांनी तो शेरा दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हंजे बाईसनी बठ्ठं वाचं?” बाईंनी सगळं वाचलं, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात क्रांती झाली. दर आठवड्याला एक वही माझ्या पिशवीतून जाऊ लागली आणि लाल होऊन येऊ लागली. नानांनी उपरण्याला इस्त्री करायला सुरुवात केली. बाईंनी ते उपरणं तोवर पाहिलंही नव्हतं. एकदा तर धीर करून ते भरताची चांगली दहा-बारा वांगी घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेले, बाई समोरून येताना दिसल्या, आणि नानांनी ती सगळी वांगी शिपायाच्या हातात कोंबून “शाळासाठे शेत,” म्हणजे शाळेसाठी आहेत, असं सांगून पळ काढला. त्या दुपारी साऱ्या शिक्षकवर्गाने भरीत खाल्लं. मुख्याध्यापकांनी आभाराचं पत्र पाठवलं, ते नानांनी फाडून टाकलं.

इकडे कादंबरीत राजपुत्राने आसरेशी सौद्याला सुरुवात केली होती, आणि अर्थातच उपरण्याखाली. तिचा हात त्याने पहिल्यांदा धरला तो तसा. धरला तो सोडायचं नाव नाही. नवव्या वहीत धरला होता, बारावी अर्धी झाली तरी धरलेलाच. बाईंनी लाल शाईत लिहिलं, ‘हात धरून तीन वह्या झाल्या. राजपुत्र विचारणार कधी?’

हा शेरा नानांनी ओसरीत बसून वाचला. मी काय ते ओळखलं होतं. म्हटलं, “नाना, तुम्हीच विचारा ना बाईंना सरळ.” ते म्हणाले, “दलाल सोतासाठे सौदा करत नही, पोरी. त्याले मझार तिसरा माणूस लागस.”

“मग मी विचारते.”

“नको. तू मास्तरीन शे. घाई करशी.”

आणि नेमकी घाईची वेळ आली. धुळ्याला बाईंचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळले. बाईंनी संस्थेच्या धुळ्याच्या शाळेत बदली मागून घेतली. जायला महिना उरला. नानांनी दोन बाजार बुडवले आणि लिहीत बसले. पण बाराव्या वहीत राजपुत्राने तोंड उघडलं आणि पुढची पानं कोरीच राहिली. बाईंना सगळं पुन्हा एकदा वाचायचं होतं, म्हणून ती अर्धी कोरी वही मी आधीच्या अकराही वह्यांसकट त्यांना नेऊन दिली.

निघायच्या आदल्या दिवशी बाई स्वतः बारा वह्या घेऊन घरी आल्या. नानांनी त्यांना धुळ्याच्या गाड्यांच्या वेळा सांगितल्या. मग पुन्हा त्याच सांगितल्या.

“नाना, पुढे कोरं आहे,” बाई म्हणाल्या. “राजपुत्र बोलत का नाही?”

“त्याले दलाल नही मिळना,” नाना जमिनीकडे बघत म्हणाले.

बाई उठून नानांच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी नानांच्या खांद्यावरचं इस्त्रीचं उपरणं काढून स्वतःच्या हातावर टाकलं आणि म्हणाल्या, “मग मध्ये कुणी नको. कसं धरायचं ते दाखवा.”

आत्या चहा घेऊन आली ती दारातच थबकली. मीही हलले नाही. ते दोघं किती वेळ तसे बसले होते, सांगता येत नाही; नानांचे कान लाल झालेले मात्र मला स्पष्ट आठवतात. शेवटी उपरणं घडी घालून खांद्यावर गेलं. बाई बाराही वह्या परत पिशवीत घालून निघून गेल्या. आम्ही आठ दिवस नानांच्या मागे लागलो. “सौदा झाया,” एवढंच ते म्हणाले.

पण ना लग्न झालं, ना पुढची वही आली. फक्त दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचं उपरणं घेऊन सकाळच्या एसटीने धुळ्याला जायचे, बाजाराला म्हणून. “आज कोन बैल इकाले येई?” आत्या विचारायची. संध्याकाळी ते रिकाम्या हाताने आणि अतिशय खुशीत परत येत. असं नऊ वर्षं चाललं. दहाव्या वर्षी उन्हाळ्यात नाना गेले.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उपरणं घेऊन मीच धुळ्याला गेले. बाईंनी दार उघडलं. टेबलावर दोन कप मांडलेले होते. नाना गेल्याचं पत्र मी त्यांना पाठवलं होतं, तरीही मांडलेले होते.

“वर्षातून एक दिवस, असं ठरलं होतं,” त्या म्हणाल्या. “अंथरुणावरच्या माणसाला सोडून मला तेवढंच देता येत होतं. पुढे वडील गेले तेव्हा वाटलं, आता हे पुन्हा विचारतील. पण ठरलेल्या सौद्यावर वाढवून मागणारा तो माणूस नव्हता. आणि मी त्यांच्या विचारण्याची वाट बघत बसले.”

मी उपरणं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते हातावर पसरलं.

“त्या दिवशी मी एकच बोट धरलं गं,” त्या म्हणाल्या. “सगळी धरायला हवी होती.”

मग त्यांनी नानांचा कप माझ्यापुढे सरकवला. चहा गुळाचा होता.