आठ सेकंदांची कात्री

"पमे, तुझ्या मामांनी बीपीची गोळी बंद केलीय. तीन आठवडं झालं. इचारलं तर म्हणत्यात, पमीच्याच कार्यक्रमात सांगितलंय."

वरवंडहून मामींचा फोन होता. मी पुण्याला स्टुडिओत, समोर सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावरचा एपिसोड उघडलेला. त्यातले साहेब एका वाक्यात दोनदा "लाभार्थी" म्हणत होते आणि मी त्यातला एकेक लाभार्थी कमी करत होते. मी हेडफोन काढून ठेवला. मामी कुठल्या वाक्याबद्दल बोलताहेत ते मला लगेच कळलं. ते वाक्य मीच कापलं होतं.

माझं काम आधी सांगते. मी पॉडकास्टची एडिटर. पॉडकास्ट म्हणजे फोनवर हवा तेव्हा ऐकायचा रेडिओ. आमचा आरोग्यावरचा आहे. झोप, साखर, विमा, सरकारी दवाखाने, जे निघेल ते. पाहुणे तास-दीड तास बोलतात. त्यातले खोकले, "अं", "म्हणजे कसं आहे बघा", खुर्चीची करकर, हे सगळं मी काढते. मग त्यातून पाऊण मिनिटाची क्लिप करायची. लोक क्लिप ऐकतात आणि एपिसोड ऐकला असं सांगतात.

महिन्यापूर्वी दौंडच्या एक डॉक्टर मॅडम पाहुण्या होत्या. फार छान बोलल्या. "रोज चाललात, मीठ कमी केलंत, वजन उतरवलंत, तर काही जणांची बीपीची गोळी बंदसुद्धा होऊ शकते." मग त्यांनी श्वास घेतला आणि पुढे म्हणाल्या, "पण ते तपासून डॉक्टरांनी ठरवायचं. आपल्या मनानं एक दिवसही सोडायची नाही. बीपी नॉर्मल येतंय ते गोळीमुळेच येत असेल."

क्लिप पंचेचाळीस सेकंदांची लागते. माझी त्रेपन्न झाली. "बंदसुद्धा होऊ शकते" इथे थांबलं की कशी झकास संपत होती. श्वासापासून पुढचं मी उडवलं आणि मागून बासरी सोडली. त्या कटचं मला चक्क कौतुक वाटलं होतं.

ती क्लिप आमच्या मामांनी ऐकली. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. गाव त्यांना आप्पा म्हणतं. गावातल्या दूध डेअरीचे चेअरमन. रोज सकाळी लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहतात, मशीनवर दुधाची फॅट लागते आणि तोवर आप्पांचा ब्लूटूथ स्पीकर चालू असतो. मी पुण्यात नेमकं काय करते हे मामांना इतकी वर्षं कळलं नव्हतं. "कॉम्प्युटरवर कायतरी करती," एवढंच ते सांगत. या क्लिपखाली माझं नाव आलं आणि मामांना भाची सापडली. आठवडाभर रोज त्यांनी ती डेअरीवर वाजवली. डॉक्टरांचं कधी न ऐकणाऱ्या माणसाने माझं ऐकलं, तेही नको तिथे.

मामींना विचारलं, "अजून कुणी बंद केली का?"

"पाच जणांनी तरी. चेअरमननं केली म्हणल्याव."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमचे बॉस.

"सर, ती बीपीची क्लिप काढावी लागेल."

"वेडी आहेस का प्रमिला? ती आपली बेस्ट क्लिप आहे."

"माझ्या मामांनी ती ऐकून गोळी सोडली. अजून पाच जणांनी सोडलीय."

सर म्हणाले, "डिस्क्रिप्शनमध्ये 'डॉक्टरांना विचारा' असा डिस्क्लेमर टाकू ना."

डिस्क्रिप्शन म्हणजे क्लिपखालचा बारीक मजकूर. तो वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. मी म्हटलं, "सर, तुमच्या आईंनाही बीपी आहे ना? त्यांनी ऐकली का ही क्लिप?"

सर फोन घेऊन बाहेर गेले. पाच मिनिटांनी आत आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "काढ."

मग मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्यावर रागवायचंय, पण ते नंतर. आधी मामांना घेऊन ये. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही कळत नाही. पॅरालिसिस काही फोन करून येत नाही."

क्लिप नेटवरून काढता येते. वरवंडमधून काढता येत नाही. तिथे ती व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर पोचली होती. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली, रेल्वेने दौंडला उतरले आणि तिथून पाटसमार्गे जीपने वरवंडला गेले.

मामा नुकतेच फिरून आले होते. पायात मी दिलेले बूट.

"ये पमे! चार किलोमीटर चाललो बघ. मीठ सोडलं, वजन तीन किलो उतरलं. तुझ्या बाईनं सांगितलं तसं समदं केलं."

"मामा, फार चांगलं केलंत. पण गोळी नव्हती सोडायची. चला, मॅडमकडे दाखवून येऊ."

"कशाला? मला एकदम बरं वाटतंय."

मी समजावायला लागले. रक्तवाहिन्या, रिस्क, सायलेंट किलर. शंभरेक आरोग्याचे एपिसोड कापलेत मी, पण मला एक धड वाक्य जुळवता येईना. मामा मान हलवत होते, मुलं कविता म्हणून दाखवतात तेव्हा हलवतात तशी.

मामी कॅन घासत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय हो, डेअरीव कुणी म्हणलं, माझं दूध चांगलं दिसतंय, मशीन कशाला लावता, तर तुम्ही घ्याल का दूध?"

"न्हाई," मामा म्हणाले. "नुसतं बघून फॅट कळती व्हय?"

"मग तुमचं अंग तेवढं नुसतं बरं वाटून कळतंय का?"

मामांनी वाकून बूट काढले. मग म्हणाले, "माझी चप्पल कुठंय?"

दौंडला मॅडमनी पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेला टेकला होता. दुसऱ्या हाताला बांधला. तिथेही तेच. मग ईसीजी काढला. तो सुदैवाने ठीक निघाला. मामांना काही झालं असतं तर ते आठ सेकंद मी कुठे नेऊन जोडणार होते? मला तिथेच रडू आलं. मामांनाच मला पाणी आणून द्यावं लागलं.

मॅडमनी गोळी त्याच दिवशी परत सुरू केली, आठवड्याने दाखवायला या म्हणून तीनदा बजावलं आणि पुढे म्हणाल्या, "चालणं सोडू नका आप्पा. ते तुम्ही अगदी बरोबर केलंत."

परतीच्या जीपमध्ये मी मामांना इअरफोन दिले आणि फोनवरून रॉ रेकॉर्डिंग लावलं. रॉ म्हणजे कात्री लागायच्या आधीचं. मामांनी ते वाक्य ऐकलं. मग श्वास. मग पुढचं सगळं.

"ही बाई हे बोलली व्हती?"

"हो."

"आन् तू काढलंस?"

"हो मामा."

"का?"

"लांबत होतं."

मामा पाटस येईपर्यंत तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

राहिले ते पाच जण. मी म्हटलं, "मामा, त्यांना तुम्हीच सांगा. तुमचंच ऐकतील."

"आगं, चेअरमन हाय मी. काल म्हणलो बंद करा, आज म्हणू चालू करा? उद्या फॅटच्या आकड्याव बी कुणी इश्वास ठेवायचं न्हाई." मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पर बघतो. तू मुक्काम कर. सकाळी डेअरीव ये."

सकाळी साडेसहाला रांग लागली होती. मामींचाही कॅन रांगेत होता. मामांनी स्पीकरला माइक जोडला.

"मंडळी, गोळीचं जे मी वाजवलं, त्यात आमच्या भाचीकडनं चूक झालीय. डॉक्टरीण बाई पुढं बोलली व्हती की गोळी मनानं सोडू नका. हिनं ते काढलं. लेकरू हाय, व्हती चूक. मी तिला माफ केलंय."

लेकरू बेचाळीस वर्षांचं आहे. सगळी रांग माझ्याकडे वळून बघायला लागली. मी फोनवर रेकॉर्डिंग करत होते, त्यामुळे तोंड लपवायलाही हात मोकळा नव्हता.

"आता मला सांगा," मामा पुढे म्हणाले, "दूध नुसतं बघून फॅट कळती का? मग नुसतं बरं वाटतंय म्हणून प्रेशर कसं कळंल? ह्यो इचार मला काल सुचला."

मामींचं नाव त्यांनी कापलं. फार सफाईदार कट होता, जोड कुठे दिसला नाही. मी मामींकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "असू दे. ह्यांच्या तोंडनं गेलं की लोक ऐकत्यात."

मामा अकरा मिनिटं बोलले. त्यातली चार पेंडीच्या पोत्यांवर होती. ज्या ग्रुपवर क्लिप गेली होती त्याच ग्रुपवर हे जायला हवं, असं त्यांनीच ठरवलं. अट एकच. कात्री लावायची नाही.

सरांना ऐकवलं. ते खूश. "दुधाचा तेवढा भाग क्लिप करू!"

"सर, एक तर अकरा मिनिटं, नाहीतर काहीच नाही. शब्द दिलाय."

"अकरा मिनिटं कोण ऐकणार?"

वरवंडने ऐकली. चेअरमनने पुण्याच्या भाचीला भर डेअरीत माफ केलं, हे कोण सोडेल? पाचांपैकी चौघांनी मॅडमकडे जाऊन तपासून घेतलं आणि गोळी चालू केली. पाचवा अजून "बघू" म्हणतोय. मामी त्याच्या बायकोच्या मागे लागल्यात, म्हणजे होईल.

मॅडमची क्लिप परत टाकली. पूर्ण त्रेपन्न सेकंदांची, बासरी न लावता. पहिलीच्या निम्म्यानेही ती चालली नाही. मॅडमनी ठरल्याप्रमाणे मला रागवून घेतलं. स्टुडिओत आता एक नियम आहे. पाहुण्याचा खोकला काढा, "लाभार्थी" काढा, पण त्यांनी "पण" म्हटलं की त्याच्या पुढचं सगळं राहू द्यायचं. मला बाईला हे कळायला पंधरा वर्षं नोकरी आणि एक सख्खा मामा लागला.

मामांची गोळी चालू आहे. चालणंही चालू आहे. दर शुक्रवारी नवा एपिसोड आला की त्यांचा फोन येतो. डेअरीवर लावण्याआधी ते मला एकच प्रश्न विचारतात.

"ठेवलंस ते मी ऐकीन. काढलंस काय, तेवढं सांग."