कापणीच्या सणाची शेळी

भर चर्चमध्ये, सगळ्या मंडळीच्या देखत, मी एका म्हाताऱ्या बाईची शेळी बोली लावून तिच्या हातची काढून घेतली, आणि वर टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो, हे जरा उशिरा लक्षात आलं.

आम्ही नवरा-बायको तेव्हा नुकतेच सांगलीहून वडूजकडच्या एका खेड्यात राहायला आलो होतो. मी बँकेतून निवृत्त झालेला, बायको सरकारी दवाखान्यातून. तिथल्या लहानशा मंडळीला कायमचा पाळक नव्हता. आमच्या चर्चने विचारलं, दोनेक वर्षं जाऊन राहाल का? रविवारी उपासना चालवायची, चर्चची देखभाल करायची, आजारी-म्हातारं कुणी असेल त्याच्याजवळ जाऊन बसायचं. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. बायकोला विचार करायला थोडा वेळ हवा होता, पण तिचंही हो मीच सांगून टाकलं. प्रवास एस.टी.ने काही तासांचा. तरी निरोपाच्या सभेत मी असा काही बोललो, की शेजारच्या काकूंनी डोळे पुसत विचारलं, "तिकडं फोन तरी लागतो का हो?"

फोन उत्तम लागत होता. माझं उपदेशाचं काम काही मार्गी लागत नव्हतं. सकाळी मी मोठ्याने प्रार्थना म्हणायचो, तोवर बायको अंगण झाडून, पाणी भरून, चहा टाकून मोकळी व्हायची. मग आम्ही घरोघर जायचो. मी बायबल उघडलं, की घरातली माणसं बाही वर सारून बायकोपुढे हात धरायची, कारण तिच्या पिशवीत बीपीचं यंत्र असायचं. मंडळीचे पंच म्हणजे फौजेतून परत आलेले एक हवालदार. ते तर स्पष्टच म्हणाले, "आदी बीपी बगा बाई, मग साहेबास्नी बोलू द्या. बोलल्यावर बगितलं तर आकडा खरा येत न्हाई."

अशात कापणीचा सण आला. ज्याच्या रानात, परसात जे पिकलं असेल ते आणून वेदीपुढे ठेवायचं, आणि उपासना झाली की तिथेच त्याचा लिलाव करायचा. येईल तो पैसा चर्चचा. बाजरी आली, घेवडा आला, कांदे, भोपळे, पाय बांधलेला एक कोंबडा. हवालदार पुकारत होते आणि बोली मजेत चढत होती. एका भोपळ्यावरून दोन व्याह्यांची तर अशी जुंपली, की भोपळा लाजला असेल.

मग एक म्हातारी मावशी आपली शेळी घेऊन पुढे आली. पांढरी, कानावर काळे ठिपके, अंगाने भरलेली. हवालदारांनी पुकारा केला. मावशीने स्वतःच एक बारीकशी बोली लावली, आणि सगळं चर्च गप्प झालं. कुणी छताकडे बघू लागलं, कुणी पायाच्या नखाकडे. कुणाला एकदम मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

मला फार वाईट वाटलं. भोपळ्यासाठी भांडणारी माणसं, आणि एवढ्या चांगल्या शेळीला कुणी विचारत नाही! बँकेत असताना मी लिलाव पाहिले होते. बोली थंड पडली की एखाद्याने पुढे होऊन ती तापवावी लागते, हे मला पक्कं ठाऊक. मी हात वर केला आणि बोली वाढवली.

मावशीने वळून माझ्याकडे बघितलं आणि थोडी वाढवली. मला वाटलं, म्हातारीला रंग चढला. मी हसून तिला प्रोत्साहन दिलं आणि आणखी वाढवली. बायकांच्या बाजूला माझी बायको ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होती. मला वाटलं, कुणाचं तरी पोर रडतंय, त्याला गप्प करतेय. हवालदार खोकले. मला वाटलं, बाजरीची धूळ गेली घशात. त्यांनी "एकवार" म्हणायला एवढा वेळ घेतला, की तेवढ्यात एखादं भजन म्हणून झालं असतं. मावशीने रुमालाची गाठ सोडली, आतलं चाचपलं आणि पुन्हा बांधली. "तीनवार" झालं. मी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर हवालदारांनी मला निंबाखाली गाठलं.

"साहेब, काय केलंसा ह्ये?"

"का? चर्चचा फायदाच झाला की."

"आवं, ती बाई दर सणाला शेरडी देवाला देती आन् तीच बोली लावून परत न्हेती. वरीसभर दूध इकून त्येच्यासाठी पैसं साठवती. तिचं पोरगं बॉर्डरवर हाय, त्येच्यासाठी बोलल्याली हाय ती. आमी कुणी मदी तोंड घालत न्हाई."

"मग हे मला आधी सांगायचं नाही का?"

"कवा सांगायचं? तुमी आल्यापास्नं तुमीच सांगतायसा की."

त्याच संध्याकाळी आम्ही शेळी घेऊन मावशीच्या दारात गेलो. मी जन्मभर कर्जदारांशी बोललेला माणूस. म्हटलं, हे काय, दोन मिनिटांत मिटवतो.

"मावशी, चुकलं माझं. ही घ्या तुमची शेळी."

"देवाला दिल्याली फुकाट माघारी घिऊ? मंग म्या देवाला दिलं काय?"

"बरं, फुकट नको. तुमची पहिली बोली होती तेवढ्यात घ्या."

"देवाम्होरं न्हेल्याली शेरडी हितं उंबऱ्यात इकत घिऊ व्हय? तुमी पाळक हाय का हेडी?"

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. मी दोन्ही नव्हतो, पण तिच्या आवाजावरून हेडीच्या जास्त जवळचा असावा. तिने दार लोटून घेतलं. शेळीने पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवले आणि ओरडत राहिली. परत येताना बायको तिला ओढत होती. मी मागून धर्मशास्त्र सांगत होतो.

पुढच्या रविवारी सतरंजीवरची मावशीची जागा मोकळी होती. त्याच्या पुढच्याही. बायको बीपी बघायच्या निमित्ताने तिच्याकडे जाऊन आली आणि चूल पेटवता पेटवता म्हणाली, "दरवर्षी शेळी घरी परत येते, मग मुलगा सुटीवर येतो. असं तिने मनाशी धरून ठेवलंय. यंदा शेळी आली नाही."

"अगं, पण ही निव्वळ अंधश्रद्धा झाली. मी तिला नीट समजावून..."

"तुम्ही कुणाला काही समजावू नका," बायको म्हणाली. "शेळीला पाला घाला."

मी शेळीची सेवा मनापासून केली. सांगलीत मी कधी मांजर पाळलं नव्हतं. इथे शेळीशी बोलायला लागलो. ती माझी प्रार्थना शेवटपर्यंत ऐकायची. दावं होतं म्हणून असेल. ती जरा उतरल्यासारखी दिसली, तेव्हा मी तिला लाडाने उरलेला भात आणि मळलेल्या कणकेचा अख्खा गोळा घातला. सकाळी तिचं पोट डाव्या अंगाने ढोलासारखं फुगलं होतं आणि ती मान टाकून पडली होती.

बायकोने हवालदारांना फोन लावला, त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला. डॉक्टर दूर होते. त्यांनी फोनवरून सांगितलं तसं बायकोने शेळीला गोडेतेल पाजलं, आणि ती आणि हवालदार मिळून तिला अंगणात चालवू लागले. मला कुणी काही काम दिलं नाही. मी फाटकाकडे गेलो, तर बाहेर मावशी उभी. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"आत या ना, मावशी."

ती आत आली नाही. शेळी आता तिची नव्हती. हात लावायचा तिला हक्क नव्हता, असं तिचं तिने ठरवलं होतं. फाटकाची सळई धरून ती एवढंच म्हणाली, "जगंल का?"

मी आतल्या बाजूने शेजारची सळई धरली. ऊन चढेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मीही राहिलो. मग शेळीने एक मोठी ढेकर दिली, लेंड्या टाकल्या आणि माझ्या सदाफुलीकडे तोंड वळवलं. मावशी पदराने तोंड पुसून निघून गेली.

वाट हवालदारांनी काढली. आजारातून उठलं की आमच्यात आभाराचं दान देतात. ती शेळी तर मरणाच्या दारातून परत आलेली. तिच्या मालकाने, म्हणजे मी, आभार म्हणून तीच देवाला द्यावी. मग देवापुढेच पुन्हा लिलाव.

"आभार नेमके कशाबद्दल म्हणून सांगू?" मी विचारलं.

"तुमच्या हातनं वाचली म्हणून," बायको म्हणाली.

मावशीला निरोप गेला. रविवारी ती रुमाल घेऊन आपल्या जागेवर येऊन बसली. मी शेळी वेदीपुढे नेली, छोटीशी प्रार्थना केली. खरोखर छोटी, बायको बघत होती. मग लिलावाची वेळ झाली तसे हवालदार माझ्या कानाशी आले.

"साहेब, आता तुमी भाईर. गेटवर ड्यूटी."

"अहो, मी तोंड उघडणार नाही."

"रिस्क नगो."

माझ्याच आभाराच्या दानाचा लिलाव मी फाटकाजवळ उभं राहून ऐकला. आतून मावशीची बारीक बोली ऐकू आली, मग सगळ्या मंडळीचं गप्प बसणं. "एकवार, दोनवार, तीनवार" हवालदारांनी एका श्वासात उरकलं.

मावशी शेळी घेऊन बाहेर आली. फाटकात तिला थांबलेली बघून मी हात जोडले. म्हटलं, आता म्हातारी काहीतरी आशीर्वाद देणार. मी मानही जरा खाली केली. तिने आधी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, मग माझ्याकडे बघितलं.

"आवं साहेब," ती म्हणाली, "पुढल्या सणाच्या आत तुमी सांगलीला जाणार न्हवं?"